लसणाचं तेल

माझा जन्म पुण्याजवळच्या मांजरी गावचा, उसाच्या पाचटात खेळत वाढलो, पण पोट भरलं ते मंडईनं. वडिलांच्या मागं भाजीच्या गाळ्यावर बसलो तो आजतागायत, आणि लग्नानंतर शालनही बसायला लागली. तिचा डावा कान लहानपणीच तापात गेलेला, म्हणून ती कायम माझ्या डाव्या हाताला बसायची, चांगला कान माझ्याकडं करून.

काय सांगू तुम्हाला, एका सकाळी मेथीच्या जुड्या लावता लावता ती म्हणाली, अहो, आज मंडई एवढी गप्प का, आणि समोर गिऱ्हाईक तर ओरडत होतं. चांगला कानही गेला होता, झोपेतच. ती म्हणाली, दवाखान्यात जाऊ. मी हातानंच सांगितलं, थांब, मळ साचला असेल. आमच्या आईची रीत होती, तेलात लसूण कढवून कोमट कानात सोडायचं, तसं मी रोज सोडत राहिलो. सणाचे दिवस, गाळा कोण बंद ठेवणार. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून निमूट पडायची.

पुढं डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, लगेच औषध मिळालं असतं तर कदाचित कान परत आला असता. शेजारी लेक वंदना उभी. मी म्हणालो, हीच ऐकेना, हट्टी आहे. शालन तिथंच बसलेली, माझ्या तोंडाकडं बघून हसली. तिला वाटलं, मी तिच्याबद्दल काही चांगलं बोलतोय.

मग बरेच महिने ती पाण्याखाली असल्यासारखी राहिली. म्हणायची, कालव्यात बुडी मारून वर बघावं तशी माणसं दिसतात, नुसती तोंडं हलतात, माशांसारखी. ऑपरेशन करून कानामागं यंत्र बसवलं, काही दिवसांनी ते सुरू केलं, तर म्हणाली, तुम्ही पत्र्याच्या डब्यातून बोलताय. मी म्हटलं, चाळीस वर्षं असाच बोलतोय, तुला आज कळलं.

यंत्रावर ऐकायला शिकवणाऱ्या दवाखान्यातल्या बाईंनी सराव दिला होता. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की मी तिच्या पाठीमागं बसायचो, भाजीचं नाव घ्यायचो, तिनं ती पाटीतून उचलायची. गवार म्हटलं की भेंडी उचलायची, मग हळूहळू गवारच उचलायला लागली. जसजशी बरोबर उचलू लागली तसतशी मला धास्ती वाटायला लागली. कारण वंदना घरात सारखी म्हणायची, आईनं तेव्हा हट्ट केला नसता तर. आज ना उद्या ते तिच्या कानावर पडणारच होतं.

एक दिवस पाठीमागं बसून मी भाजीचं नाव घेतलंच नाही. म्हणालो, शालन, तू दवाखान्यात चला म्हणत होतीस, मीच थांबवलं, आणि सगळ्यांपुढं तुझंच नाव पुढं केलं.

मला वाटलं ऐकूच गेलं नाही. मग तिनं पाटीत हात घातला, लसणाचा एक गड्डा उचलला आणि मागं न बघता माझ्या हातात ठेवला. म्हणाली, वंदनाला तुम्हीच सांगा.

सांगितलं. लेक बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही, ते बरोबरच होतं. आता तुम्हीही लिहून ठेवा, हट्ट माझा होता.

अजूनही दुपारी शालन यंत्र काढून डबीत ठेवते, डोळे मिटते, म्हणते, जरा पाण्यात जाऊन येते. कुणी भाव विचारला तर मी बोटांनीच दाखवतो. ती ऐकत नसताना मी आता काही बोलत नाही.