जमिनीला उघडं ठेवायचं न्हाई

न्हाई, हसा तुम्ही, हसून घ्या... पण मला एक सांगा, लातूर जिल्ह्यातून उठून नांदेड जिल्ह्यात, तुमच्या ह्या इस्लापूरच्या समाजमंदिरात, एवढ्या उन्हाचं, एस.टी.त उभ्यानं, धोतराचा सोगा सांभाळत मी आलो ते काय हौस म्हणून? आन आल्या आल्या त्यो पुढं बसलेला पाव्हणा काय इचारतो? "व्यंकटीकाका, कवा सुरू करायचं?" अरे, आधी घोटभर पाणी तर दे, मग करू सुरू. पण त्याच्या आधी हे कसं होऊन बसलं ते सांगतो, म्हंजे तुम्हाला कळंल की ह्याच्यात माझा गुन्हा काडीचा न्हाई. गुन्हा हाय त्यो त्या एका वाक्याचा. जमिनीला उघडं ठेवायचं न्हाई!

तुम्हाला सांगतो, आमचं गाव देवणीकडचं. आमच्याकडं माणसाला नाव नसलं तरी भागतंय, बैलाला लागतंय. माझा बैल शेवऱ्या. पांढराशुभ्र, अंगावर काळे ठिपके, चालला की बाया घागर खाली ठेवून बघायच्या... मला तसं कुनी कवा बघितलं न्हाई, जाऊ द्या. तर दुष्काळ पडला. आन नेमका तवाच आमचा जिल्हा नवा झाला. आधी कागद घेऊन उस्मानाबादला हेलपाटे, आता लातूरला, तेवढीच चप्पल कमी झिजती. पण जिल्हा नवा झाला म्हणून विहिरीला पाणी येतंय का? गोठ्यात कडब्याची शेवटची गंज. सरजाबाई, म्हंजे आमची मंडळी, रोज तिच्याकडं बघून म्हणायची, "ही सरली की शेवऱ्या उदगीरच्या बाजारला, आन ह्यात बदल न्हाई." वासरू असल्यापासनं हातानं चारलेला बैल, हो... माझ्या ताटातली भाकर बी मी त्यालाच चारायचो.

अशात नांदेडहून पंचशीलाबाई आली. कुठल्याशा संस्थेची, शेतीचं शिकलेली, माझ्या लेकीएवढी पोरगी. आमच्या समाजमंदिरात तिनं शिबिर लावलं. आम्ही सतरंजीवर टेकलो, म्हणलं भाषण होईल, डुलकी काढू. तर ही म्हणती, "उठा काका, भाषण नाही. हातानं करायचं." आन मागची उकिरड्याची जागा खणायला लावली! आम्ही खणतोय आन ही सांगतीय, "माती जिवंत असते काका. तिच्यात गांडूळ आहे, मुंगी आहे, बारके किडे आहेत. एकाचं दुसऱ्यावाचून भागत नाही. माती तापली की गांडूळ मरतं, मग गवत मरतं, आणि शेवटी तुमचा बैल." बैलाचं नाव निघालं आन माझी डुलकी उडाली.

दोन वाफे केले. दोन्हीत मका, दोन्हीला सारखंच पाणी, ते बी भांडी घासलेलं. एक वाफा उघडा, एक झाकायचा. कशानं झाकायचा? कडब्यानं! सगळे वळून माझ्याकडं बघाय लागले, कारण गावात कडबा उरला हुता कुनाकडं? बाई म्हणली, "काका, वाळला कडबा बैल किती दिवस खाईल? खाली अंथरला तर हिरवा मका येईल त्याला. जमिनीला उघडं ठेवायचं नाही." मी कबूल झालो. घरी सांगितलं तर सरजाबाई काय म्हणली असंल? "बैलाच्या तोंडचं काढून ढेकळांना घालता? ढेकळं रवंथ करतेत का?" मग कंबरेवर हात ठेवून निकाल दिला, "मका आला तर बैल राहील. न्हाई आला तर बैलासंगं तुम्ही बी जावा बाजारला."

आन तुम्हाला सांगतो... आला! उघड्या वाफ्यातला वीतभर होऊन पिवळा पडला, आन झाकलेला गुडघ्याला लागला. कडब्याखाली हात घातला तर गारवा. तसल्या दुष्काळात मातीला गारवा, माझ्या डोळ्याला पाणी आलं, लाज कसली त्यात? मग येईल त्याचा हात धरून मी मातीत घालायचो. शेजारी सोयरीक जमवायला आलेल्या पाव्हण्याचा बी घातला. नवरीच्या आधी त्यानं मका बघितला.

मग सांगावा आला, लातूरहून नव्या जिल्ह्याचे साहेब वाफा बघायला येणार. झालं! सरपंच किशनराव गल्लोगल्ली ओरडत सुटले, "गावात एक काडी दिसता कामा न्हाई!" आता साहेब येणार म्हणल्यावर आपल्याकडं काय होतंय, ते काय मी सांगावं? झाडायचं, सडा टाकायचा, सारवायचं, रांगोळी काढायची. पाव्हण्याला कचरा दाखवायचा न्हाई, ही आपली आज्यापणज्यापासनंची रीत. त्या सकाळी मी पंचशीलाबाईला आणायला फाट्यावर गेलो. आम्ही दोघं परत येतो तर समाजमंदिराच्या मागं बाया खराटे घेऊन उभ्या, आन पुढं सरजाबाई, तोंड असं फुललेलं. "बघा, आता कसं दिसतंय."

मी बघितलं. वाफा झाडलेला! मक्याच्या ओळींमधून शेणाचं सारवण, आन चारी कोपऱ्यांना रांगोळीची कमळं. "आन कडबा?" "त्यो व्हय? केवढा कचरा करून ठेवला हुता तुम्ही. शेवऱ्याला टाकला. सगळा खाल्ला बिचाऱ्यानं."

बाई खाली वाकून सारवण चाचपाय लागली. साहेबाची जीप तर वेळेवर येत नसतीच. ऊन चढलं, सारवण तडकलं, मक्यानं पानांच्या सुरळ्या केल्या. बाई बारीक आवाजात म्हणली, "काका, संध्याकाळपर्यंत राहत नाही हो हा." माझ्या डोळ्यापुढं उदगीरचा बाजार आला, आन शेवऱ्याचा कासरा दुसऱ्याच्या हातात... काय करावं माणसानं? जमिनीला उघडं ठेवायचं न्हाई! पटका सोडला, ओळीत पसरला. समाजमंदिरात घुसलो, साहेबासाठी अंथरलेलं जाजम ओढून आणलं. किशनराव "आरं आरं" करत मागं आले, त्यांचं उपरणं बी घेतलं. सरजाबाईनं मक्याच्या सुरळ्या बघितल्या, माझ्याकडं बघितलं, आन काय कळलं तिला... पळत घरी गेली, गोधड्या घेऊन आली. तरी एक ओळ राहिली. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन धोतराच्या निऱ्यांना हात घातला...

आन जीप आली.

मी पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत, हात जोडून उभा. साहेबांनी मला बघितलं, मग वाफ्याला बघितलं, मग बसायला जाजम शोधलं. ते मक्यात. "हे काय आहे?" किशनरावांनी डोळे मिटून घेतले. बाई म्हणली, "आच्छादन आहे साहेब. जमिनीला उघडं ठेवायचं नाही." साहेबांनी वाकून गोधडी उचलली, खाली हात घातला. बराच वेळ काढला न्हाई. मग म्हणाले, "हे गावोगावी दाखवलं पाहिजे. अगदी असंच."

मका वाचला. शेवऱ्या गोठ्यात हाय, हिरवं खाऊन माजलाय, मलाच शिंग दाखवतो. सरजाबाई आता अंगणातला पाला बी झाडू देत न्हाई. पण ते "अगदी असंच" हाय ना, ते माझ्या मुळावर आलं. उदगीरला करून दाखवलं, निलंग्याला दाखवलं, आता तुम्ही. आता येताना दारात तुमचा कडब्याचा ढीग दिसला. संगं आलेल्या पंचशीलाबाईला म्हणलं, हितं कडब्यानंच दाखवू की. तर म्हणती कशी, "काका, कडबा दाखवला की लोक डुलक्या घेतात. तुम्ही धोतराला हात घातला की मागच्या ओळीतले पण उठून बघतात, आणि घरी जाऊन जमीन झाकतात." सरजाबाईनं बी चड्डी धुवून, घडी घालून दिली, म्हणली, चार लोकांत जाता, नीट दिसा.

चला मग, उठा. बायांनी जरा तोंडं तिकडं करा. ए पाव्हण्या, लई घाई हुती ना तुला? धर हे पटक्याचं टोक. जमिनीला उघडं ठेवायचं न्हाई म्हंजे न्हाई... उघडं राहायला व्यंकटी हाय की.