गढीच्या दरवाज्यावरचा लखमा

माहं माहेर कारंजा घाडग्याच्या पलीकडचं, अन् लग्न होऊन कारंज्यातच आली, तीस वर्सं झाले शिवणकाम करते. माहेरी गावाबाहेर पडकी गढी हाय, गोंड राजाची म्हणतेत. तिच्या दरवाज्यावर पहाऱ्याले आमचा लखमा होता, बाबाच्या आज्याचा आजा का त्याच्याही आंधीचा, ते मले सांगता येत नाई. पण राजावर फौज आली तवा सारे पळाले, लखमा हालला नाई, दरवाज्यातच मेला, हे बाबानं आमाले शंभरदा सांगतलं असंन.

आमच्या शेजारी एक रिटायर गुरुजी राह्यते, त्यायले मी भाऊच मानलं होतं. ते त्या राजावर नाटक लिहून राह्यले होते. वही घेऊन आले, म्हणे ताई, तुमच्या लखमाचं सांगा. काय सांगू तुमाले, मले एवढा आनंद झाला का चार दिवस मी सांगतच राह्यली, लखमा डावखुरा होता हे बी सांगतलं. ते बाबानं कधी म्हटलं नोतं, कसं काय माह्या तोंडून निघालं कोण जाणे.

नाटकाचे कपडे मीच शिवले. लखमाच्या अंगरख्याले त जरीची किनार लावली.

प्रयोग दुपारचा होता, मंगल कार्यालयात. माहेरचे सारे बोलावलते, पुढच्या लाइनीत बसलो आमी. अन् पाह्यतो त काय, लखमा डाव्या हातानं दरवाज्याचा अडणा काढून राह्यला, फौजेले आत घेऊन राह्यला, माह्या हातच्या अंगरख्यात. लोकं थू थू करून राह्यले होते. माही मान काई वर झाली नाई.

दुसऱ्या दिवशी गुरुजीकडं गेली, म्हटलं भाऊ, असं काऊन केलं. ते शांतपणानं म्हणे, ताई, राजा हरला एवढंच खरं हाय, कसा हरला ते कोणाले माहीत, अन् नाटकाले फितूर लागते. म्हटलं मंग दुसरं नाव ठेवाचं. त म्हणे, खोटं नाव ठेवलं असतं त लोकायले पटलं नसतं.

खऱ्या नावापाई सांगतलं होतं बाप्पा मी, अन् त्यायनं तेच नाव घेतलं.

आता शाळेचे पोरं गढी पाह्याले येते त मास्तर बोट दाखवते, डावखुऱ्या लखमानं इथूनच दुश्मन आत घेतला. डावखुरा त मीच केलता त्याले.

यंदा अखजीच्या सणाले माहेरी गेली. पूर्वजायच्या नावानं घास ठेवतो आमी त्या दिवशी. भावानं सगळ्यायचे ठेवले, लखमाचा नाई. मी नुसतं त्याच्याकडं पाह्यलं. तो म्हणे, अक्का, आपल्याले तरी काय माहीत, उघडला बी असंन.

मी जेवली अन् गाडीत बसली. गुरुजीचं वाईट चिंतत नाई मी, सुखी राहो ते. पण तुमी बी हे माहं सांगणं लिहूनच राह्यले, म्हणून म्हणते, लिहून झालं का मले एकदा वाचून दाखवजा.