लॉन्ड्रीच्या कॅमेऱ्यात दिसलेल्या डाव्या हाताबाबत

मी, बाजारात 'कॅमेरेवाला' याच नावाने ओळखला जाणारा, वय बेचाळीस, धंदा कॅमेरे व रेकॉर्डर विकणे, बसवणे आणि दुरुस्त करणे, राहणार बॅटरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आज आपणहून ठाण्यात येऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. मला कोणी बोलावलेले नाही, कोणी धाकही घातलेला नाही. याआधी याच प्रकरणात मी हवालदारांना जे सांगितले, ते खोटे होते.

हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लॉन्ड्रीत कॅमेरा मी बसवला. ते काम मला माझ्या मेहुण्यामुळे मिळाले. तो माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ असून तिथे कामगारांवर देखरेख करतो. मालकांना चार कोपऱ्यांत चार कॅमेरे हवे होते. मी त्यांना एकच रुंद नजरेचा कॅमेरा घ्यायला लावला. म्हणालो, अख्खा हॉल एका चित्रात येईल. तसा तो येतो, पण माणसांची तोंडे चिमुकली दिसतात आणि ओळखू येत नाहीत. हे मला माहीत होते, मालकांना नव्हते. त्या पत्र्याखालच्या उकाड्यात चार वायरी ओढायचा मला कंटाळा आला होता, हे खरे कारण आहे.

कॅमेरा तुळईच्या खाली लटकवायचा होता. तिथे वाफेचा पाइप आडवा आला म्हणून मी कॅमेरा तुळईवर उभा केला. त्यामुळे चित्र उलटे आले, माणसे डोक्यावर चालू लागली. अशा वेळी सेटिंगमध्ये दोन पर्याय असतात. एक चित्र अख्खे फिरवतो, त्यात सगळे जागच्या जागी येते. दुसरा नुसते वरचे खाली आणि खालचे वर करतो. त्यात माणूस सरळ दिसतो खरा, पण आरशात दिसावा तसा. उजवा हात डावा होतो.

मी शिडीवर होतो आणि पडद्यासमोर मेहुणा माउस धरून बसला होता. मी वरून ओरडलो, "सरळ झाली का माणसं?" तो म्हणाला, "झाली भाऊजी! डोकी वर, पाय खाली. अजून काय पाहिजे?" सगळे हसले, मीही हसलो. चादरी काढणाऱ्या मावशी तर म्हणाल्या, "थांब रे बाबा, मी केस विंचरून येते, मग चालू कर." खाली उतरल्यावर कॅमेऱ्यापुढे उभे राहून एक हात वर करायचा आणि पडद्यावर कोणता हात वर होतो ते बघायचे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. तो मी केला नाही. पडद्यावरची तारीख-वेळ रेकॉर्डर वरून लिहितो, ती सरळच दिसते. हॉलमध्ये दुसरे काही लिहिलेले नाही, सगळीकडे पांढऱ्या चादरी. त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

काही दिवसांनी मालकांचा फोन आला. म्हणाले, "अरे, पडद्यावर बघून मी दाराकडे म्हणून निघतो आणि बॉयलरपाशी पोचतो. काहीतरी उलटसुलट वाटतंय." मी त्यांना सांगितले, "सुरुवातीला सगळ्यांनाच असं होतं. सवय होईल." सवय काही झाली नाही, त्यांनी बघणेच सोडले. कॅमेरा आहे एवढ्यावर त्यांचे समाधान होते, आणि माझा एक हेलपाटा वाचला होता.

या सोमवारी दुपारी हॉलच्या मधोमध असलेल्या मोठ्या प्रेसवर अपघात झाला. दांडी ओढली की या प्रेसचे तापलेले झाकण खाली येते. मावशी अडकलेली चादर सोडवत असताना कोणीतरी दांडी ओढली. त्यांचा हात मनगटापर्यंत भाजला व तीन बोटे चेंगरली. त्या पाठमोऱ्या असल्याने त्यांनी कोणाला पाहिले नाही. सर्वांना टोपी, तोंडावर फडके आणि सारखाच पांढरा अंगरखा असतो.

मालकांनी मला रेकॉर्डिंग काढून द्यायला बोलावले. ऑफिसात मालक, हवालदार, मेहुणा व मी असे चौघे होतो. चित्रात एक माणूस प्रेसजवळ येतो, मनगटाने टोपी मागे सारतो आणि डाव्या हाताने दांडी ओढून निघून जातो. मालक लगेच म्हणाले, "डावखुरा आपल्याकडे एकच." त्या कामगाराला सगळे डावऱ्याच म्हणतात. तो बॉयलर सांभाळतो. आदल्या दिवशी टोपल्यांवरून त्याची व मावशींची बाचाबाची झाली होती. मग काय, आयतेच सापडले.

मी पडद्यावर माणसाकडे बघत नव्हतो. चित्रात हॉलच्या समोरच्या भिंतीवर आकडे नसलेले मोठे घड्याळ आहे, त्याला लाल सेकंदकाटा आहे. तो उलटा फिरत होता. चित्र आरशातले आहे, म्हणजे दांडी उजव्या हाताने ओढली आहे, हे मला तिथेच कळले. मी वळून मेहुण्याकडे पाहिले. त्याने उजव्या मनगटाने टोपी मागे सारली. ही त्यांच्या घरची सवय आहे. माझी पत्नीही भांडी घासताना, हात ओले असले की कपाळावरचे केस असेच मागे सारते. तिच्या वडिलांनाही मी असेच करताना पाहिले आहे.

तेवढ्यात मालकांनीच विचारले, "मागे मी म्हणालो होतो ना, उलटसुलट वाटतंय म्हणून? तसं काही नाही ना रे यात?" मी म्हणालो, "नाही. चित्र बरोबर आहे." हवालदारांनी ते लिहून घेतले व डावऱ्याला ठाण्यात नेले. मला लाज वाटते, असेही इथे लिहावे. जबाब लिहिणारे साहेब म्हणाले की जबाबात हकीकत लिहितात, लाज लिहीत नाहीत. तरी मी आग्रहाने लिहायला सांगितले.

ऑफिसच्या जिन्यात मेहुण्याने माझा दंड धरला. म्हणाला, "भाऊजी, मुद्दाम नाही हो केलं. मागे चादरींच्या गाड्या खोळंबल्या होत्या. मला वाटलं, मावशीचा हात बाहेर आहे."

मी म्हणालो, "मग तसं सांग की वर जाऊन."

"सांगणारच होतो. तेवढ्यात मालकांनी डावऱ्याचं नाव घेतलं." मग म्हणाला, "ताईला सांगू नका."

मी त्याला शब्द दिला नाही, पण नाहीही म्हणालो नाही. त्याच संध्याकाळी रेकॉर्डरच्या पंख्यावरची धूळ साफ करण्याचे निमित्त सांगून मी लॉन्ड्रीत गेलो आणि सेटिंग बदलून चित्र सरळ करून टाकले, म्हणजे पुढे कोणी तपासले तर माझी चूक सापडू नये. मालक पडद्याकडे बघून म्हणाले, "आता बरं दिसतंय. काय केलंस?" मी सांगितले, लेन्स पुसली. आधीची चूक आळसाची होती. ही मात्र मी शुद्धीत राहून केली. एक लपवायला दुसरे, दुसरे लपवायला तिसरे, असे माझे चालले होते.

काल डावऱ्याची बायको दुकानात आली. मला वाटले भांडायला आली. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही यातले जाणकार. तो आधी म्हणत होता, मी बॉयलरपाशी होतो. पण त्याला तेच तेच चित्र दाखवलं. काल भेटले तर म्हणतो, मला आठवत नाही, पण दिसतोय तर मीच असणार. रागात माणसाला भान राहत नाही म्हणतो." ती पुढे म्हणाली, "यंत्र काही खोटं बोलत नाही ना, दादा? तुम्ही एकदा हो म्हणा. मग मी त्याला सांगते, कबूल कर आणि मावशीच्या पाया पड."

मी तिला पाणी दिले. माझ्या गप्प बसण्याचाच तिने होकार धरला व "बरं" म्हणून उठली. आपण काही केले नाही हे एका माणसाला पक्के ठाऊक होते, आणि माझ्या चित्राने ते त्याच्या डोक्यातून पुसून टाकले. मावशींचा हात माझ्या हातून भाजला नाही, असे मी दोन दिवस स्वतःला समजावत होतो. हे मात्र माझ्याच हातून झाले. मी तिला दुकानाबाहेर गाठले आणि म्हणालो, "वहिनी, त्याला म्हणावं, काही कबूल करू नकोस. मी उद्या ठाण्यात येतो." ती माझ्याकडे बघतच राहिली. आणखी काही सांगायचा मला धीर झाला नाही.

पुरावा काय, असे विचारल्यावरून सांगतो की, मी रेकॉर्डिंग भरून दिलेला हवालदारांकडचा पेन ड्राइव्ह इथल्या संगणकावर लावावा आणि माणूस सोडून भिंतीवरचे घड्याळ बघावे. तसे ते माझ्यासमोर लावून बघितले. मग साहेबांनी आपल्या मनगटावरचे घड्याळ पडद्याजवळ धरले व पुन्हा लावायला सांगितले. मी सेटिंग कधी बदलले, याची नोंदही रेकॉर्डरमध्ये आहे. ती काढून द्यायला मी तयार आहे. दांडी ओढणारा माझा मेहुणा आहे, हे मी त्याच्या लकबीवरून आणि जिन्यातल्या त्याच्या बोलण्यावरून सांगतो. त्याने मुद्दाम केले नाही, असे माझे मत आहे. तेही लिहावे.

माझी पत्नी सोबत आली असून बाहेरच्या बाकावर बसली आहे. आई आजारी असायची म्हणून या भावाला तिनेच कडेवर वाढवले. निघताना मी तिला एवढेच सांगितले की, चित्रात घोटाळा आहे, डावऱ्या निर्दोष आहे. दांडी कोणाची, हे तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. "मग चला की लवकर, बिचारा आत बसलाय," असे म्हणून तिनेच माझी चप्पल पुढे सरकवली.

हा जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे व तो मला वाचून दाखवला आहे. खोलीचे दार नीट लागत नसल्याने तो हळू आवाजात वाचावा अशी विनंती मी केली. पत्नीला हे मी स्वतः सांगणार आहे. विनंती मान्य होऊन जबाब हळू आवाजात वाचला. तो बरोबर आहे.