विकतचं पाणी

हे पाहा लखनभाऊ, तुमचं काम खोली पाहाची, भाव सांगाचा, पैसे घ्याचे — म्हातारा कशाले चालला हे विचाराचं काम तुमचं नाई. बसस्टँडवर तिकीट काढतो तं कंडक्टर विचारते का मले, बापूजी, काऊन चालले म्हणून? नाई विचारत. अन् तुमी त्या कंप्युटरपुढं बसून चवथ्यांदा विचारून राह्यले. बरं, सांगतो. सांगितल्याबिगर तुमी तारखेचं ऐकत नाई, पुढच्या महिन्यात स्वस्त, पुढच्या महिन्यात स्वस्त, एकच लावून धरलं. पुढचा महिना माह्या कामाचा नाई. पंचवीस तारखेच्या आत पाहिजे. अन् हैदराबादचं हेच हॉटेल पाहिजे, दुसरं फुकट दिलं तरी नको.

काऊन म्हणजे — तिथं समोरच्या टेबलावर आमची नात हाये. उत्कर्षा. देवानंदची पोरगी, देवानंद म्हणजे माहा पोरगा. गिऱ्हाईक आलं का त्याचं नाव लिहून घेते, चावी देते — चावी नाई म्हणे आता, पत्त्याच्या पानासारखं काही तरी देते, तेच दाराले लावाचं. पंचवीसले ती दुबईले चालली. तिकडच्या हॉटेलात, दोन वर्षं. दोन वर्षं म्हणजे तुमाले काही नाई वाटत, तुमचं वय काय! मनकर्णा बहात्तरची हाये. मनकर्णा माही बायको. जिना चढते तं मधात बसते.

आता तुमी म्हणसान, नात हाये तं सरळ तिच्या घरी जा, चटई टाकून झोपा, पैसे वाचतील. जमत नाई ना. मी लोटा उपडा केला हाये. तीन वर्षं झाली. तिची सुपारी फुटाची होती, नांदेडकडचा पोरगा, पाहुण्यायच्या जीपा शेजारच्या जैनथ गावापर्यंत येऊन ठेपल्या, अन् ही पहाटेच्या बसनं निघून गेली — नोकरी लागली म्हणे. देवानंदनं मले दंडाले धरून मारुतीच्या पारावर नेलं. पन्नास एक लोक बसले होते. त्यायच्यापुढं म्हणते, "बाबा, पोरगी सांगून गेली, म्हाताऱ्याच्या घरचं पाणी बी नको मले." माहं डोकं फिरलं. मी म्हटलं, तं मी बी तिच्या हातचं पाणी पिणार नाई, तिच्या दारात पाय ठेवणार नाई — अन् भरला लोटा मारुतीपुढं उपडा केला. आमच्या गावात लोटा उपडा केला का झालं. ती शपथ मोडून जो पाणी पेते त्याले मंग कोणी मयतीले बी बोलावत नाई. सुटतच नाई असं नाई, सुटते. ज्याच्या बोलण्यावर लोटा सांडला, त्यानं त्याच पारावर, त्याच लोकायपुढं, आपल्या हातानं भरून द्याचा. पाव मिनिटाचं काम हाये. तीन वर्षांत पाव मिनिट नाई भेटलं कोणाले.

जाऊ द्या ते. मी तोड काढली ना. हॉटेलाचं दार मालकाचं, तिचं नाई — ती तिथं नोकरीले. खोलीचं भाडं मी भरलं म्हणजे त्या रातीपुरती खोली माही. पाण्याची बाटली खोलीच्या भाड्यात धरली असते हे तुमीच सांगितलं मघा, म्हणजे पाणी विकतचं, माह्या पैशाचं. मंग ती आपली ड्यूटी सांभाळून वर येते, आजीजवळ बसते, काय बोलाचं ते बोलते. मी खिडकीतून ते हॉटेलापुढचं तळं पाहीन. मले काही बोलाचं नाई.

काय वाचलं तुमी आता? परत वाचा. आल्याबरोबर शरबत, फुकट? अन् ते देते कोण — टेबलावरची पोरगीच देते? नाई, नाई. ते काटा. कटत नाई म्हणजे? मंग त्याचे पैसे लावा, बिलात धरा, पन्नास धरा, शंभर धरा. हसू नका लखनभाऊ. तुमच्या दुकानात आतापरेंत फुकटचे पैसे लावा म्हणून कोणी आलं नसंल, मले माहीत हाये. पण ती पोरगी ट्रे घेऊन पुढं आली अन् मी हात मागं घेतला — तं तिच्या तोंडाकडं पाहणार कोण? मनकर्णा तं तिथंच बसंल खाली. लिहा तिथं, म्हातारा विकत घेऊन पेते. इंग्रजीत लिहा.

आता तारीख. एकोणीसच करा. एकोणीसले देवानंद घरी नाई, त्याच्या साळ्याच्या पोरीचं लग्न हाये, अठराले जाते अन् वीसले येते. तो घरी असला का आमाले उंबरा ओलांडता येत नाई. मारत नाई हो, तसा नाई तो. संगं येते. दवाखान्यात संगं, बाजारात संगं, इथं बाजूच्या मावला गावापरेंत चाललो म्हटलं तरी गाडी काढते. माहा फोन होता, एक डाव पोरीले लावला मी — बोललो नाई, नुसता आवाज ऐकला — तं फोन गेला माहा. म्हणे, बाबा, तुमाले ऐकू येत नाई, कशाले पाहिजे. मनकर्णा शेजारच्या भागीरथाच्या फोनवरून बोलते, न्हाणीघराच्या मागं उभी राहून. तिनं तं काही लोटा उपडा केला नाई. ती जाऊ शकते. मी शंभर डाव म्हटलं, जा. म्हणते, तुमाले या घरात एकटं टाकून नाई जात.

न्हाणीघराच्या मागंच कळलं सगळं. पोरीनं आजीले विचारलं, आजोबा काऊन रागावले? मी तं बाबाले सांगून निघाली होती, का आजोबाले म्हणा पोचली का फोन करते. एवढंच सांगितलं होतं तिनं. पाण्याचं अक्षर नाई. मी त्याच दिवशी देवानंदले समोर घेतलं, तं खाली मान घालून म्हणते, "मंग पन्नास लोकायले मी काय सांगाचं होतं?" संपलं. अन् मी म्हटलं, मंग पारावर चल, लोटा भरून दे — तं म्हणते, माही इज्जत जाईल, लोक मले खोटा म्हणतील. त्याच्या खोट्यावर मी सांडलेलं पाणी, अन् इज्जत त्याची. — हे तुमाले सांगाचं नव्हतं मले. तुमी विचारत बसता.

हं, एकोणीसचं काय झालं? भरलं? सगळं? लग्नाची दाट तिथ हाये, होय. एकच खोली उरली, वरची — किती म्हटलं? एका रातीचे तीस हजार? नाई लखनभाऊ. माह्याजवळ त्याच्या निम्मे बी नाई. अठरा? अठराले सकाळी तो घरीच असते, दुपारून निघते, मंग आमाले बसनं पोचाले रात होते अन् तिची ड्यूटी सरते. वीसले सकाळीच येते. बावीसले हाये? नऊ हजारात हाये, अन् तिची ड्यूटी बी दिवसाची हाये. पण बावीसले देवानंद घरी हाये ना. त्याले कळलं का तो त्याच पारावर जाईल अन् सांगंल, म्हाताऱ्यानं थुंकलेलं चाटलं. लोकायचं काय, लोक त्याच्याच बाजूनं बसले असते.

थांबा, नका बंद करू. विचार करू द्या.

बावीस करा.

हो, बावीस. हे घ्या, मोजून घ्या. नाव माहं टाका, पूर्ण टाका, म्हणजे तिले टेबलावर दिसंल. दोघं जण. शरबताचं लिहिलं ना? मोबाईल नंबर लागतेच? त्याच्याबिगर पुढं सरकत नाई? तुमचा नको. भागीरथाचा बी नको, तिच्या मागं कशाले लावाचं ते. घरात एकच नंबर पाठ हाये मले, तोच टाका. मेसेज आत्ताच जाते का? जाऊ द्या. बावीसले आमी दोघं बसनं जाऊ, त्याले गाडी काढाची तं काढू दे मागून. अन् कोणाचा नंबर म्हणून विचारलं तं लिहा — माफी मागाची ज्याची राह्यली त्याचा — नाई, ते नका लिहू. नुसतं देवानंद लिहा.