पट्टेरी भुईमूग

अरे, तुझ्या त्या शोभेच्या कुंड्यांवरून आठवलं. नव्वदच्या सुमाराला मी पनवेलला शेती खात्यात होतो. सुकापूरच्या गोमाकाकांच्या भुईमुगावर व्हायरस आला, पानापानावर पिवळे पट्टे. मी बजावलं, "काका, ही रोपं उपटून जाळा. नाहीतर किडे हा रोग शेतभर नेतील."

संध्याकाळी घरी येतो तर तीच रोपं आमच्या गॅलरीत, कुंडीत!

बायको खुशीत. "गोमाकाकांनी दिली. म्हणाले, 'वयनी, एवढी देखणी हायत, जाळवत नाय.'"

"अगं, रोग आहे तो! पसरतो!"

"अय्या! मी तर बिल्डिंगभर वाटली!"

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून शेजारीण ओरडली, "वहिनी, माझ्या चवळीलापण येतील ना हो तसेच पट्टे?"