अंजिरापासून दोनशे मीटर

...आणि वर म्हणे वेळ वाचतो! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं दर शनिवारी मी सहाच्या बसनं डोंगर उतरून तुरियाल्बाच्या बाजारात गेलो. जाताना शेजारच्या आबुंदियोशी भांडण, तिथं करंजीसारखा गरम एम्पानादा, येताना बसभर गावाच्या उखाळ्यापाखाळ्या. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला आठवड्यात तेवढाच तर एक दिवस!

तर गेल्या महिन्यात कॉफी गाळायची फडक्याची पिशवी फाटली. मी टोपी घालून निघालोच होतो, तर आमची लेक योर्लेनी म्हणते, ‘बाबा, एका पिशवीसाठी पाच तास? फोनवर मागवते, वेळ वाचेल.’ बायको टपलेलीच! ‘बसा हो घरी. तुमचा बाजार म्हणजे नुसत्या आबुंदियोबरोबर चकाट्या!’ अहो, मग? बाजार काय कांद्यांसाठी असतो?

बसलो. पार्सल शनिवारी आठ ते चारमध्ये येणार. आठ ते चार! हलायचं नाही, अंघोळ करायची तीही कान बाहेर ठेवून... म्हणे वेळ वाचतो! बाराला फोन. ‘काका, मी ग्रेव्हिन, पार्सलवाला. पत्ता लिहिलाय, अंजिराच्या झाडापासून दोनशे मीटर खाली. झाड कुठाय?’

‘पडलं.’

‘कधी?’

‘झाली बावीस वर्षं.’

‘मग मोजू कुठून?’

‘अरे, जिथं ते नाहीये तिथून!’

आता यात न कळण्यासारखं काय आहे? घराला नंबर लावायची खोड आम्हा कोस्टा रिकावाल्यांना नाही, पण अंजीर कुठं होता हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल! हा पठ्ठ्या गेला परत. पुढच्या शनिवारी पुन्हा आठ ते चार, पुन्हा ‘झाड कुठाय?’... तिसऱ्या शनिवारी माझं डोकंच फिरलं! छत्री घेतली आणि जाऊन उभा राहिलो, बरोब्बर अंजिराच्या जागी. अकराला बाजाराची बस परत आली. अख्ख्या बसमध्ये आबुंदियो एकटा! बाकीचं गाव घरात बसून वेळ वाचवतंय! खिडकीतून ओरडतो कसा, ‘काय एव्हेलियो, मुळं फुटली का?’

पण ग्रेव्हिनला मी दिसलो आणि पिशवी मिळाली एकदाची. म्हटलं, सुटलो! काल शनिवार. पहाटे टोपी घातली, तर बायको दारात आडवी. ‘अहो, चारपर्यंत हलायचं नाही, माझ्या चपला यायच्यात!’ मागून योर्लेनी फोनवरचा पत्ता वाचून दाखवते... ‘एव्हेलियो उभे असतात तिथून दोनशे मीटर खाली.’ आणि शेजारची एर्मिदा कुंपणावरून, ‘माझ्याकडे पन्नास मीटर वर लिहिलंय हं, काका!’ तेरा घरं, तुम्हाला सांगतो, तेरा घरं माझ्यापासून मोजली जातात! म्हणे वेळ वाचतो!

घेतली छत्री. काय करणार? झाडाला कुठं बस पकडता येते?