हिला सुचणार नाही

— नाही हो, तोही पासवर्ड टाकून झाला. स्कूटरचा नंबर, माझी नोकरीला लागल्याची तारीख, साहेबांचं टोपणनाव — सगळं झालं. कॉम्प्युटर दुरुस्त करता ना तुम्ही, मग करा की काहीतरी! हळू बोलू? बरं, हळू. स्वयंपाकघरात आहे ती — भांडी आपटतेय, ऐकताय ना? "संध्याकाळपर्यंत फाइल उघडली नाही तर मी चालले बहिणीकडे" — आणि बोलते ते करते हो आमची ही. तिच्या कथा आहेत त्यात, कितीतरी वर्षं लिहितेय, आज प्रकाशकाला पाठवायच्यात. पासवर्ड मी घातला. का म्हणजे? सुरक्षितता! जन्मभर दप्तरखान्याच्या किल्ल्या सांभाळल्या मी, एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. वाण्याला सामानाची यादी पाठवतो, तीही कुलूप लावून. मग तो फोन करून पासवर्ड विचारतो आणि मी भर बसमध्ये ओरडून सांगतो — कमी ऐकू येतं हो त्याला. हसताय काय?

कथा कोण चोरणार म्हणता? चोरायचं नाही हो — पहिली कथा वाचली मी. एक नवरा आहे त्यात, घोरतो, साखरेच्या डब्यालासुद्धा कुलूप लावतो. लोकांना कळणार नाही का कोण ते? आणि साखरेच्या डब्याला मी एकदाच — जाऊ द्या. खरं सांगू? लिहायला बसली की तिला माझं भानच नसायचं. पासवर्ड घातला तेव्हापासून रोज सकाळी यायची, "अहो, उघडून द्या ना." मी हातानं झाकून पासवर्ड टाकायचो. तेवढंच एक "अहो" कानावर पडायचं, बरं वाटायचं. मग ती लेकीकडे राहायला गेली, मी नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला — आणि आता डोकं साफ कोरं!

खूण? आहे की, फाइलच्या नावातच घातलीय — "हिला सुचणार नाही". आता हिला काय सुचणार नाही? हिला सगळंच सुचतं, तीच तर पंचाईत आहे! काय म्हणालात? हिचं नाव? छे! उभा जन्म "अगं"वर भागलं आमचं. दारावरच्या पाटीवरसुद्धा माझंच नाव आहे. मी आणि हिचं नाव टाकीन, हे तर तिला स्वप्नातही —

थांबा. कान इकडे करा. हं. टाका.

उघडली!

हे बघा, तिला बोलायचं नाही काही. विचारलंच तर स्कूटरचा नंबर होता म्हणा. डोळे? पंख्याची धूळ हो, दुसरं काय. चला, आवरा ती बॅग — मागे काय बघताय? भांड्यांचा आवाज... कधीचा थांबलाय हो? अगं — नाही, थांब, "अगं" नको.

तुम्ही निघा आता. दार ओढून घ्या.